विहीणबाईंचं गाव आणि माझी शेगडी

माझ्या विहीणबाई ज्या गावात राहतात, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. एक तर त्यांना ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे तिथे तीन महिने राहूनही मला ते नीट म्हणता येत नाही. गाव जर्मनीत आहे. म्हणजे अर्धं जर्मनीत आहे. मुख्य रस्त्याच्या मधोमध देशाची सीमा जाते. या फुटपाथवर जर्मनी, त्या फुटपाथवर हॉलंड. सीमा म्हटल्यावर मला वाटलं होतं, काटेरी तारा असतील, बंदुका असतील, निदान एक तरी शिपाई बिडी ओढत उभा असेल. तिथे रस्त्यात पितळेच्या चकत्या ठोकल्या आहेत आणि त्यांच्यावर कुत्री पाय वर करतात.

मी रायपूरची. माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले आणि इकडचेच झाले. मी इथेच शिकले, इथेच एका सरकारी ऑफिसात क्लार्क लागून हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नवराही इथलाच. रायपूरला लागूनच असलेल्या उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं पाळ्या केल्या, त्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं आणि ते बोलतात मात्र भट्टी सुरू असल्यासारखं. आम्हाला एकच मुलगी. ती शिकायला जर्मनीला गेली, तिथेच नोकरी धरली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला आहे. भांडी घासतो.

आता मुद्द्याचं सांगते. मला चार वर्षांची नात आहे. ती बापाशी जर्मन बोलते, आईशी हिंदी बोलते, बालवाडीतल्या मैत्रिणींकडून थोडं डच उचलते आणि मला ‘नानी’ म्हणते. हिंदी मला येत नाही असं नाही. जन्म इथे गेला. हिंदीत मी ऑफिसात फायली चालवल्या, हिंदीत भाजीवाल्याशी भांडले, हिंदीत साहेबाला दोनदा तोंडावर सुनावलं. पण नातीला मांडीवर घेऊन ऑफिसच्या भाषेत काय बोलायचं? मला एवढंच हवं होतं की त्या पोट्टीनं मला ‘आजी’ म्हणावं आणि माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलावी. पुण्याचं मराठी नको, आमचं चालेल. मागच्या हिवाळ्यात ती पाच आठवड्यांसाठी रायपूरला आली, सोबत माझी मुलगी आणि विहीणबाई. जावयाला सुट्टी मिळाली नाही. मी मनाशी ठरवलं होतं, पाच आठवड्यांत पोट्टीला बोलती करायचं. आणि ती मराठी बोलत नाही याचा दोष कोणाचा, हेही मी ठरवून ठेवलं होतं. माझ्या मुलीचा.

पण त्याआधी शेगडीची गोष्ट सांगायला हवी, कारण विहीणबाईंशी माझी खरी ओळख शेगडीमुळे झाली.

नात जन्मली तेव्हा मी बाळंतपण करायला गेले होते. सामानात डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशोपा, ओवा, आणि पोट बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या. विमानतळावरच्या माणसानं बाळंतशोपा हुंगून पाहिली आणि परत दिली. मुलगी घरी आली तेव्हा मी म्हटलं, आता शेक. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवतात, निखाऱ्यांवर ओवा, शोपा आणि लसणाची सालं टाकतात, आणि तो धूर कमरेला, पाठीला लागू देतात. माझ्या आईनं मला दिला, मी मुलीला देणार. त्यात विचारायचं काय?

“मम्मी, यहाँ ये सब नहीं चलता. छत में अलार्म लगा है.”

“तं वाजू दे अलार्म. आपन का चोर आहो?”

तो रविवार होता. रविवारी जर्मनी बंद असते. दुकानं बंद, रस्ते बंद, गवत कापायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, खाली राहणारी म्हातारी सांगायची की संडासात पाणीसुद्धा हळू सोडा. पण रस्त्याच्या पलीकडे हॉलंड सुरू असतं. मी साडीवर स्वेटर घातला, मोज्यांवर चपला घातल्या आणि परदेशातून परदेशात गेले. तिथे मोठ्या दुकानात कोळशाची थैली मिळाली. थैलीवर मांस भाजण्याचं चित्र होतं. मुलीचं केक भाजायचं पत्र्याचं ताट घेतलं, बाल्कनीत कोळसा पेटवला, चांगला लाल झाल्यावर ताट पलंगाखाली सरकवलं आणि वर मूठभर ओवा टाकला.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. अलार्म असा काही वाजला की आमच्या ह्यांनाही ऐकू गेलं असतं. खालच्या म्हातारीनं फोन केला. आगीचा बंब आधी हॉलंडचा आला, कारण त्यांचं ठाणं पलीकडच्या फुटपाथच्या मागेच आहे. सहा उंचच्या उंच माणसं हेल्मेट घालून जिना चढून आली, बाळंतिणीच्या खोलीत. त्यांच्या मागून जर्मनीचा बंब आला. तेही सहा. मग जिन्यात दोन देशांची बोलणी सुरू झाली. आग जर्मनीची, पाणी हॉलंडचं, अहवाल कोणी लिहायचा? मी ताट घेऊन मध्ये उभी. सरकारी नोकरीत मी असे वाद आयुष्यभर पाहिले होते, त्यामुळे खरं सांगायचं तर मला घरच्यासारखं वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई आल्या. तोवर आमचं बोलणं मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, ताटावर वाकून धूर हुंगला, आणि हॉलंडच्या बंबावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला काहीतरी म्हणाल्या. तो खो खो हसला. त्यानं उत्तर दिलं, त्याही हसल्या. त्या बोलण्यात दोघांचे चेहरे बदलले, खांदे सैल पडले. दोन मिनिटांत प्रकरण मिटलं. म्हातारा जाताना माझ्याकडून चिमूटभर ओवा मागून घेऊन गेला. पोटाला बरा असतो, हे मी त्याला पोटावर हात फिरवून सांगितलं.

“हे कोणती भाषा बोलले ते दोघं?” मी मुलीला विचारलं. जर्मन कशी वाजते, ते तोवर मला कळायला लागलं होतं. ही ती नव्हती.

“वो इन लोगों की देहाती बोली है, मम्मी. रोड के दोनों तरफ यही बोलते थे. अब बस बूढ़े लोग बोलते हैं.”

“अन् जावई?”

“उसको नहीं आती.”

स्वतःच्या आईची भाषा येत नाही! मी तेव्हा चांगलंच नाक मुरडलं होतं.

त्यानंतर विहीणबाई मला दर शनिवारी सोबत नेऊ लागल्या. त्या गावाच्या वारशाच्या मार्गदर्शक आहेत, बिनपगारी. डोक्यावर हिरवी टोपी, हातात छत्री, मागे सात-आठ पाहुणे. ते गाव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालायला पंधरा मिनिटं लागतात. विहीणबाईंना दोन तास लागतात. एक पडकी भिंत आहे, माझ्या कमरेएवढी. तिच्यापुढे वीस मिनिटं. एक पाण्याचा हातपंप आहे, तिथे दहा मिनिटं. असले पंप आमच्याकडे प्रत्येक मोहल्ल्यात गंजत पडलेत, पण त्यांच्यापुढे कोणी टोपी काढत नाही. सीमेवरची जुनी जकात चौकी आहे, तिच्यात आता आइसक्रीम विकतात. मी मागे उभी राहून पाय दुखतात म्हणायचे, मराठीत, त्यामुळे कोणाला त्रास नव्हता.

पण मुलीनं घरी हिंदीत समजावलेली एक गोष्ट मात्र मला आवडली. दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर त्या रस्त्याच्या मधून खरंच तार होती, आणि कॉफी पलीकडे स्वस्त, अलीकडे सोन्याच्या भावात. विहीणबाईंची आई परकराच्या आत पिशव्या शिवून त्यांत कॉफीचे दाणे भरून आणायची. शिपायानं हटकलं की पोटावर हात ठेवून, दिवस गेलेत म्हणायची. विहीणबाई म्हणतात, आई सलग चार वर्षं गरोदर होती. मग मधल्या काही वर्षांत त्यांची गल्लीच हॉलंडला देऊन टाकली, आणि पुढे परत घेतली. घर तिथेच, चूल तिथेच, कोंबड्या तिथेच, देश तेवढा गेला आणि आला. आईला कळवायला एक कागद आला होता म्हणे. त्या कागदात कॉफी गुंडाळली.

तर अशा ह्या विहीणबाई डिसेंबरात रायपूरला आल्या, मोठी टोपी आणि डोंगर चढायचे बूट घालून.

पहिल्या दिवसापासून मी मोहीम सुरू केली. सकाळी नातीला पाटावर बसवायचं, समोर वस्तू मांडायच्या.

“हे काय आहे? पोळी. म्हन पोळी.”

“रोटी.”

“रोटी नाही माय, पोळी. म्हन, मंग जिलबी देतो.”

तिनं जिलबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाली “पोळी”, जिलबी घेतली, आणि “थैंक्यू नानी” म्हणून पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोटी. आठवडाभरात तिचं वजन वाढलं, मराठी नाही. मी भिंतीवर चित्रं लावली. पाहुण्यांची मराठी बोलणारी पोरं खेळायला बोलावली. ती आली आणि आपसात हिंदीत खेळली. शेजारच्या मास्तरणीनं मला मोबाइलवर मराठी गाणी लावून दिली. नात ती गाणी आवाज बंद करून बघायची.

आणि या सगळ्यात आमच्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या दीदीनं कमाल केली. ती छत्तीसगढी बोलते. नात तिच्या मागे मागे मोरीपर्यंत जायची, फरशीवर पाणी सांडायची. चौथ्या दिवशी मी हाक मारली, “जेवाले येतं का?” तर आतून आवाज आला, “हव!” म्हणजे हो. हुबेहूब, दीदीसारखा लांबवून. पुढच्या दोन दिवसांत तिला ‘पारा’ म्हणजे मोहल्ला हेही कळलं, आणि दीदीचा पारा कुठे, त्यात कोणाची बकरी व्याली, हेही. मी जिलब्यांवर जिलब्या खर्चत होते आणि दीदीनं फुकटात भाषा शिकवली. आमचे हे म्हणाले, “ते शिकवत नाही, ते बोलते. तू परीक्षा घेऊन राहिली.” हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की दीदीलाही मोरीत ऐकू गेलं. मला राग आला. खरं बोललं की मला राग येतोच.

रागाला वाट मिळाली मुलीवर. रोज एकदा तरी मी तिला टोचून बोलायचे. “तुनं घरी मराठी बोलली असती तं हे दिवस आले असते का?” “लोकं परदेशात राहून पोराईले मराठी शिकवतात, अन् तू?” ती हिंदीत “हाँ मम्मी” म्हणायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. तिला माझं सगळं कळत होतं. मराठीत ऐकायची, हिंदीत उत्तर द्यायची. रायपुरातल्या निम्म्या मराठी घरांत हेच चालतं. एका बाजूनं एक भाषा जाते, दुसऱ्या बाजूनं दुसरी येते, आणि कोणाला काही वाटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात विहीणबाईंनी वही काढली आणि म्हणाल्या, आता तुमचा वारसा दाखवा. मी जरा गडबडले. आम्ही रायपूरचे लोक पाहुण्यांना मॉल दाखवतो, तलाव दाखवतो, नवीन शहरातले रुंद रस्ते दाखवतो, जिथे कोणी राहत नाही. पण त्यांनी तसले रस्ते जर्मनीत भरपूर पाहिलेले. मग आम्ही पुरानी बस्तीत गेलो. गल्ल्यांतून चालताना त्या प्रत्येक देवळापुढे थांबायच्या आणि विचारायच्या, हे किती जुनं?

“बहुत जुनं,” मी सांगायचे.

मुलगी ते जर्मनमध्ये सांगायची. विहीणबाई पेन उचलून माझ्याकडे बघत राहायच्या. ‘बहुत’ हे वहीत कसं लिहायचं, त्यांना कळेना. मी ई-रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “बहुत पुराना है मैडम, राजा लोगों के टाइम का.” कुठल्या राजाचं, हे त्यालाही माहीत नव्हतं. एका देवळाच्या दगडी ओट्यावर तीन मोटारसायकली टेकवलेल्या, वरून विजेच्या तारा लोंबलेल्या, खांबावर कोचिंग क्लासची जाहिरात, आणि कोरीव भिंतीला खिळा ठोकून न्हाव्यानं आरसा टांगलेला. मला लाज वाटली. विहीणबाईंना मात्र आरसा इतका आवडला की त्यांनी त्यात बघून टोपी नीट केली. म्हणाल्या, आमच्याकडे ह्या भिंतीभोवती कठडा असता आणि अकरा पाट्या असत्या, आणि शनिवारी मी असते, बाकी सहा दिवस कोणी नसतं.

परत येताना त्यांनी विचारलं, तुमच्या भाषेची सीमा कुठे आहे? मी म्हटलं, राजनांदगावच्या पुढे गेलं की लागते. ट्रकवाल्यांना माहीत आहे. आमच्या भनपुरीच्या ट्रक-अड्ड्यातून रोज शेकड्यांनी जातात. विहीणबाईंनी विचारलं, सीमा आली हे कसं कळतं? मी म्हटलं, पाट्या मराठीत होतात, खड्डे तेच राहतात. हे त्यांनी वहीत लिहिलं.

पाचवा आठवडा लागला. जायला चार दिवस उरले. नात अजून मला ‘नानी’ म्हणत होती. त्या दिवशी मी गच्चीत जेवण मांडलं होतं. हिवाळ्यातलं ऊन, सतरंजी, पाटवडीचा रस्सा, वरण, भात, भाकर. विहीणबाईंसाठी दही वेगळं. नात खाऊन दीदीच्या मागे खाली गेली होती. आम्ही चौघं होतो. रस्सा ओरपताना विहीणबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या थांबत नव्हत्या.

मला त्या बंबवाल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. मी म्हटलं, त्यांले विचार, ते भाषा जावयाले काहून येत नाही.

मुलीनं विचारलं. विहीणबाईंनी भाकर खाली ठेवली. त्या जर्मनमध्ये सांगत गेल्या, मुलगी हिंदीत सांगत गेली. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा असताना शाळेत गेला. आठवड्यानंतर बाईंनी विहीणबाईंना बोलावून घेतलं. हा शेतकऱ्यांची बोली बोलतो, म्हणाल्या, असं बोलला तर मागे पडेल. विहीणबाई घरी आल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी फक्त पुस्तकातली जर्मन बोलायची ठरवली. त्याला सांगितलं, ती बोली आता नाही, बाहेर नाही, घरातही नाही. मुलगा शहाणा होता. त्यानं ऐकलं. पण घरात विहीणबाईंची आई होती, कॉफीवाली. तिला पुस्तकातली जर्मन येत नव्हती. पुढची आठ वर्षं, मरेपर्यंत, आजी नातवाशी बिस्किटं देऊन बोलली.

“म्हणून मी शनिवारी फिरते,” विहीणबाई म्हणाल्या. “भिंत दाखवते, पंप दाखवते. भाषा दाखवता येत नाही.”

मला भयंकर राग आला. आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात. मी ताट सरकवलं. “कशी आई आहे हे! स्वतःच्या पोट्ट्याच्या तोंडातली भाषा काढून घेतली! आपली माय उपाशी ठेवावी तशी बिनबोलाची ठेवली! सांग तिले, मी म्हनून राहिली म्हनून सांग.”

“मम्मी, मैं ये नहीं बोलूँगी.”

“काहून नाही बोलत? सांग तिले!”

“नहीं बोलूँगी.”

आणि तेव्हा आमच्या ह्यांनी, भाताचा घास तोंडात, पूर्ण रोलिंग मिलच्या आवाजात म्हटलं, “तुनं बी तं तेच केलं!”

पलीकडच्या गच्चीतली बाई पापड वाळत घालता घालता थांबली.

आता खरं सांगते. आतापर्यंत मुलीला दोष दिला, हिंदीला दिला, शाळेला दिला, ते सगळं खोटं नाही, पण खरंही नाही. माझी मुलगी सात वर्षांची होईपर्यंत मराठीच बोलायची. दिवसभर बोलायची, झोपेत बोलायची. आमच्या इथल्या एका मंडळानं मुलांची भाषणाची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक म्हणून पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या, कोणाच्या तरी पाहुण्या. माझी मुलगी स्टेजवर गेली, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, आणि मोठ्यानं म्हणाली, “मले माही शाळा लय आवडते. माह्या शाळेत चिंचेचं झाड हाये.” बाईंनी रुमाल तोंडाला लावला. मग माइकवर म्हणाल्या, “गोड आहे हो पोरगी. पण हे मराठी नव्हे.” सभागृह हसलं. वाईट नाही हसलं, प्रेमानंच हसलं. आमचेच लोक होते, घरी जाऊन तसंच बोलणारे. मीही हसले. ते सगळ्यात वाईट.

लुनावरून घरी येताना मी तिला सांगितलं, आजपासून घरी हिंदी. मराठी बोलायचं नाही. तिनं मागून विचारलं, “आबासंग बी नाही?” आबा म्हणजे तिचे आजोबा, माझे वडील. मी म्हटलं, कोणाशीच नाही. मला वाटलं, हिला परत कोणी हसू नये. शुद्ध येत नाही तर निदान अशुद्ध तरी नको. हिंदीत आम्हाला कोणी हसत नव्हतं, हिंदी सगळ्यांचीच तशी होती. आई म्हणून मी तिचं भलं केलं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. नंतर वाटेनासं झालं, तेव्हा मी ते विसरून गेले. विसरायला सोपं होतं, कारण मुलगी कधी काही बोलली नाही.

हे सगळं मी तिथे गच्चीत विहीणबाईंना सांगितलं. म्हणजे मुलीकडून सांगितलं. मी मराठीत बोलत होते आणि ती स्वतःचीच गोष्ट जर्मनमध्ये सांगत होती. पिवळ्या फ्रॉकपाशी ती जरा थांबली, पाणी प्यायली, पुढे गेली. विहीणबाईंनी ऐकलं. उपदेश केला नाही, माझा हात धरला नाही. त्यांनी माझं सरकवलेलं ताट परत माझ्यापुढे ओढलं.

मला तरी माझी बाजू सोडवेना. हेडक्लार्कची खोड. मी मुलीला म्हटलं, “पन तू मोठी झाली, शिकली, आपल्या अकलेनं चालाले लागली. मंग तं बोलाचं होतं न.”

ती माझ्याकडे बघत होती. आणि मग ती मराठीत बोलली. हळू, प्रत्येक शब्द तपासून ठेवल्यासारखा.

“तूच म्हनली होती न, बोलू नको. मी बोलली नाही. तू ‘आता बोल’ असं कधी म्हनलंच नाही, आई.”

सत्तावीस वर्षं. शहाणी पोट्टी होती, तिनं ऐकलं. पाच आठवडे मी जिलब्या घेऊन चुकीच्या पोट्टीमागे धावत होते.

“बोल,” मी म्हटलं. “आता बोल.”

“काय बोलू?”

“काही बी बोल.”

तिनं बराच विचार केला. ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “आज वरनात मीठ बहुत पडलं, आई.”

मी सगळ्यांसमोर रडले. मग वरणात पाणी घालायला उठले, कारण मीठ खरंच जास्त झालं होतं.